दहा दुकानांपैकी चार

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या निवृत्ती निधीच्या विश्वस्त मंडळाच्या प्रमुख, ज्यांच्या वॉर्डात पाऊल टाकताना नावाजलेले सर्जनसुद्धा आवाज खाली आणायचे त्या आपल्या मेट्रनबाई. व्यासपीठावरचे सन्माननीय विश्वस्त. ज्यांच्यासाठी आपण सगळे वेळात वेळ काढून आलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे सर. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू. आणि या सभागृहातल्या परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातले मदतनीस, रुग्णवाहिकेचे चालक, म्हणजेच ज्यांच्या आयुष्यभराच्या कष्टाचा पैसा आम्ही सांभाळतो ते आमचे खरे मालक, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मेट्रनबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. त्यांनी दिलेल्या वेळेबाहेर जायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. मी आज करणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

सरांविषयी बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी? ज्यांनी आमचं कार्यालय पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत धुलाई विभाग आहे, त्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. खाली चादरी धुणारी यंत्रं फिरायला लागली की वर चहाचे कप टेबलावरून चालू लागतात. गुंतवणुकीचं कार्यालय म्हटलं की लोकांना वाटतं, भिंतभर पडदे असतील, त्यावर हिरवे-लाल आकडे पळत असतील. आमच्याकडे भाव दाखवणारा एकच संगणक आहे, आणि तो सरांनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. भाव बघायचा तर खुर्चीतून उठायचं, कपाट आणि भिंत यांच्यामधून आडवं होऊन आत शिरायचं. माझं वजन वाढल्यापासून मी भाव कमी वेळा बघते, आणि सर म्हणतात, त्यामुळे माझे निर्णय सुधारलेत.

मी इथे आले तेव्हा तीस वर्षांची होते. परीक्षांमध्ये पहिला वर्ग, बोलण्यात तोरा, आणि डोक्यात एकच कल्पना की जो शेअर आपटलाय तो उचलायचा. आठवड्याभरातच मी सरांसमोर कागद ठेवला. म्हटलं, "सर, संगणक क्षेत्रातली कंपनी आहे. आठशे चाळीसवरून दोनशे तीसवर आलाय. अजून किती पडणार?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "आठशे चाळीस हा आकडा त्या शेअरला आठवतो का गं?"

मी कागद आणखी पुढे सरकवला.

"त्याला नाही आठवत. तुला आठवतो. म्हणून तुला दोनशे तीस कमी वाटतात. तो स्वस्त झालाय, की नुसता खाली आलाय? एवढं मला सांग, मग पुढचं बोलू."

सभासदहो, या एका प्रश्नावर मी अकरा वर्षं पगार घेतेय. पडलेला शेअर दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. पडण्याची कारणं मात्र नाना परींची असतात. लोक घाबरले म्हणूनही भाव पडतो, आणि कंपनीच्या पायाखालची जमीन सरकली म्हणूनही पडतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. रुग्ण घामाघूम झालाय एवढ्यावरून आपल्या परिचारिका भगिनी निदान करतील का? आधी हात लावून बघतील, विचारतील, नाडी पाहतील. सर तेच करतात. कंपनीचा वार्षिक अहवाल ते मागून वाचतात. आधी शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपा, मग कर्ज, मग शिल्लक, आणि अगदी शेवटी, वेळ उरला तर, पहिल्या पानावरचे हसरे संचालक. म्हणायचे, "हसरा फोटो सगळ्यांकडे असतो. टीप ज्याची त्याची."

आणि मग त्यांची दहा माणसं. तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांना त्यांनी यासाठी छळलेलं आहे. कंपनी जी वस्तू विकते ती रोज वापरणारी दहा माणसं गाठायची. कंपनीने दिलेल्या यादीतली नाही, आपण शोधलेली. त्यांना एकच प्रश्न करायचा, "हे उद्या बंद पडलं तर काय कराल?" उत्तर कार्डावर लिहायचं, त्याच्याच शब्दांत. "ग्राहक समाधानी आहे" असं लिहिलेलं कार्ड सर परत करायचे. "दुसरं घेऊ" असं उत्तर आलं तर कंपनीचं काही खरं नाही. समोरचा चिडला, कावराबावरा झाला, "बंद का पडेल?" म्हणून उलट अंगावर आला, तर त्या कंपनीत जीव आहे. दहा कार्डं झाल्याशिवाय बैठकीत तोंड उघडायचं नाही. म्हणून तर त्यांचं नाव पडलं दहावाले सर.

ही सवय घरीसुद्धा सुटली नाही. काकूंनी मला सांगितलेली गोष्ट आहे, त्यांची परवानगी गृहीत धरते. कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं, तर हे महाशय शेजारच्या दहा घरांत जाऊन आले. काकू वैतागून म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल दहा जणांना विचारलं होतंत का?" सर म्हणाले, "एकीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही." काकू, आता ते दिवसभर घरी असणार, तेव्हा एकदाचं उत्तर देऊन टाका.

हसलात, बरं वाटलं. मला आता थोडं पाणी हवंय.

त्या दोनशे तीसवाल्या कंपनीबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडे कंपन्यांनाही टोपणनावं असतात, हिचं नाव गोळीवाली. औषधांच्या दुकानातली बिलं, साठा, कुठल्या गोळीची मुदत कधी संपते, हे सगळं सांभाळणारी संगणक प्रणाली ही कंपनी बनवते. मी तो कागद ठेवल्यावर दोन वर्षं शेअर तिथल्या तिथेच घुटमळला, आणि नऊ वर्षांपूर्वी आपल्या निधीने तो दोनशे तीसला घेतला. पुढे तो अकराशेवर गेला. तुमच्या दरमहाच्या रकमेत जी वाढ झाली, तिच्यातला मोठा वाटा त्याचा. आत शिरताना दारातच एका निवृत्त चालकदादांनी मला अडवलं. म्हणाले, "बाई, त्या पैशांत घरावर पक्कं छत पडलं. आता तो पुन्हा पडलाय म्हणतात. पुन्हा घ्या."

खरंच पुन्हा पडलाय. अकराशेवरून पाचशेवर आलाय. पुन्हा घ्यायचा, आणि पहिल्यापेक्षा जास्त घ्यायचा, असा प्रस्ताव परवा सोमवारच्या बैठकीत यायचा आहे. प्रस्तावावर सही माझी आहे. का घ्यायचा, हे कुणी विचारतसुद्धा नाही, कारण या कंपनीबद्दलचं एक वाक्य या सभागृहात सगळ्यांना पाठ आहे. सर दरवर्षी वार्षिक सभेत ते सांगतात. एका औषध दुकानदाराने आमच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. काय आहे ते?

बरोबर. "एक वेळ दुकानाचं शटर बंद ठेवीन, पण ही प्रणाली बंद ठेवणार नाही."

पाहा, मागच्या रांगेपर्यंत पाठ आहे. सर म्हणायचे, असं एक कार्ड मिळालं की उरलेली नऊ आपोआप खरी वाटायला लागतात. हे कार्ड मी आणलं म्हणून माझी पाठ थोपटली गेली, मला बढती मिळाली, आणि आजच्या निमंत्रणपत्रिकेत, खाली डाव्या बाजूला, सरांच्या जागी यापुढे माझं काम सुरू होईल असं छापलेलं आहे.

ते वाक्य कुठलाही दुकानदार बोललेला नाही. ते मी रचलं.

सर, मान वर करा. तुम्ही खाली बघायचं काही कारण नाही.

सांगते कसं झालं ते. दहापैकी सहा दुकानांत मी खरोखर गेले होते. सहाही जणांची उत्तरं चांगली होती. उरलेल्या चार दुकानांत दोनदा गेले, दोन्ही वेळा गिऱ्हाइकांची रांग, दुकानदार म्हणाले, नंतर या. प्रस्ताव दुसऱ्या दिवशी ठेवायचा होता. इकडे भाव दोनशे पाचवरून दोनशे तीसवर चढला होता, आणि मला वाटलं, हातातून निसटणार. त्या वेळी कपाटामागे शिरणं मला सोपं जायचं, तासातासाला जाऊन बघत होते. मग डबा खाता खाता मी चार कार्डं भरली. दुकानांची नावं खरी, पत्ते खरे, उत्तरं माझी. सहा जणांनी चांगलं सांगितलंय म्हणजे उरलेले चार तेच सांगतील, अशी मी मनाची समजूत घातली. आणि चौथ्या कार्डावर जरा जास्तच रंगले. खोटं बोलणाऱ्याचं वाक्य नेहमी खऱ्यापेक्षा देखणं असतं, हे तेव्हा कळलं असतं तर मी ते साधं लिहिलं असतं.

भाव वाढला. तो पडला असता तर कदाचित मी वर्षभरात कबूल केलं असतं. पण यश मिळालं की कबुलीची वेळच येत नाही हो. दरवर्षी सर ते वाक्य म्हणायचे, तुम्ही टाळ्या वाजवायचात, आणि मी तिथे, त्या खांबाशेजारी, पायाचा अंगठा बुटात दुमडून उभी राहायची. वाटायचं, उत्तर बरोबर आलंय ना, मग रीत चुकली तर काय बिघडलं? आणि सरांचंच म्हणणं आठवायचं. चुकीच्या रीतीने बरोबर आलेलं उत्तर पुढच्या गणितात बुडवतं.

पुढचं गणित परवा, सोमवारी आहे.

म्हणून आज दुपारी मी सरांकडे गेले. ते टेबलाचे खण रिकामे करत होते. कार्डांचा पत्र्याचा डबा त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. खाली यंत्रं चालू होती, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं. असली गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे काय असतं, ते विचारू नका.

सर म्हणाले, "ते वाक्यसुद्धा?"

मी म्हटलं, "हो."

"चांगलं होतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला वाईट वाटलं."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. पण सरांनी डबा उघडला, नऊ वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला आणि विचारलं, "कुठली चार?" मी काढून दाखवली. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "कर."

निरोप समारंभाला दोन तास उरले होते. काकू नवी साडी नेसून घरी वाट बघत होत्या. आणि इकडे आम्ही दोघं, नऊ वर्षं उशिराने, औषधांच्या दुकानांना फोन लावत बसलो होतो. पहिला नंबर आता एका शिंप्याकडे आहे, औषधांचं दुकान केव्हाच बंद झालं. तो म्हणाला, "गोळ्या नाहीत, पण पँट अल्टर करून देतो." दुसऱ्या दुकानात आता मालकांची मुलगी बसते. तिला विचारलं, ही प्रणाली उद्या बंद पडली तर काय कराल? ती म्हणाली, "ती का? ती तर गेल्याच वर्षी काढली. आता मोबाईलवर करते सगळं. फुकट आहे, आणि बाबांनासुद्धा जमतं." तिसरे गृहस्थ म्हणाले, "वर्गणी संपतेय दोन महिन्यांत. परत नाही भरणार." मी विचारलं, का? ते म्हणाले, "कशाला भरू? तुम्हीच सांगा." चौथ्या दुकानदाराला, म्हणजे ज्यांच्या तोंडी मी ते सुंदर वाक्य घातलं होतं त्यांना, मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "बंद पडली तर? दुसरी घेऊ."

सरांनी चौथं कार्ड माझ्याच हाताने पुन्हा लिहायला लावलं. दोन शब्द. "दुसरी घेऊ."

मग त्यांनी गोळीवालीचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल मागवले. दर शंभर दुकानांपैकी किती दुकानं पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी भरतात, हा आकडा ही कंपनी पूर्वी मोठ्या अक्षरांत छापायची. शहाण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. दोन वर्षांपासून तो आकडा अहवालात नाही. मागून वाचा, पुढून वाचा, कुठेच नाही. सर पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "मिरवायचा आकडा छापणं बंद केलं, म्हणजे मिरवण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि मला हे दिसलं नाही. का दिसलं नाही, माहितेय? मी ते वाक्य म्हणत होतो. नऊ वर्षं दरवर्षी म्हणत होतो, आणि एकदाही एकाही दुकानाला परत फोन केला नाही. तू एकदा खोटं लिहिलंस. मी ते नऊदा वाचून दाखवलं."

मी म्हटलं, सर, तुमची काय चूक? तर म्हणाले, "माझ्या वाट्याची माझ्याकडे राहू दे." या माणसाने आयुष्यात कुणाच्या वाट्याचं काही घेतलं नाही, आपल्या वाट्याचं कुणाला दिलंही नाही.

निघताना त्यांनी मला बजावलं. "हे आज बोलू नकोस. सोमवारी बैठकीत बोल. आज लोक चार घास खायला आणि चार चांगले शब्द ऐकायला येणार." अकरा वर्षांत त्यांची ही एकच सूचना मी मोडतेय. बैठकीत पाच माणसं असतात, आणि ते वाक्य तर तुम्ही तीनशे जणांनी ऐकलंय. दारात भेटलेल्या दादांनी तर त्याच्या भरवशावर मला सांगितलं की पुन्हा घ्या. त्यांना मी काय उत्तर देऊ? कार्यवृत्त वाचा म्हणून?

म्हणून मेट्रनबाई, आपल्या आणि विश्वस्तांच्या साक्षीने सांगते. सोमवारचा प्रस्ताव मी मागे घेते. दहा दुकानांत मी स्वतः जाईन, या वेळी दहाही दुकानांत, रांग असली तरी उभी राहीन. आज हातात असलेल्या उत्तरांवरून मला वाटतं की हा शेअर स्वस्त झालेला नाही, नुसता खाली आलाय, आणि नवीन घेणं सोडाच, आहेत ते ठेवायचे का हाच प्रश्न आहे. पण वाटण्यावर आपण गेलो तेव्हा काय झालं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. दुसरं, निमंत्रणपत्रिकेत डाव्या बाजूला जे छापलंय त्याचा विश्वस्तांनी पुन्हा विचार करावा. ती खुर्ची मला मिळाली ती त्या कार्डामुळे. दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटली तर मी कपाटाशेजारच्या माझ्या जागेवर बसून काम करीन, आणि आनंदाने करीन.

सर, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते, ते राहूनच गेले असं वाटेल. माझे वडील लवकर गेले. पडलेल्या माणसाकडे कसं बघावं, हे मला घरी शिकवायला कुणी उरलं नव्हतं. आज दुपारी मी तुमच्यासमोर जितकी खाली आले होते, तितकी कधी आले नव्हते. तुम्ही माझा भाव केला नाहीत. शेजारी बसलात आणि फोन पुढे केलात. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे सर, आणि हे मी अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही, कारण कार्यालयात असं म्हणायची पद्धत नाही.

मेट्रनबाई, सात मिनिटं कधीच उलटली, तरी आपण घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल आभार. हे सभागृह मोकळं करून देणाऱ्या परिचारिका वसतिगृहाचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्या मदतनीस मंडळींचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या एक्स-रे विभागाच्या तंत्रज्ञांचे, आणि इतकी वर्षं जेवायची वेळ झाली तरी सरांना अहवाल वाचू देणाऱ्या काकूंचे मनापासून आभार.

भाषण संपवताना वक्ते म्हणतात, बोलण्याच्या ओघात काही चुकलं असल्यास पोटात घालावं. मला तसं म्हणायची सोय नाही. चुकलंय, आणि ते तुम्ही पोटात घालू नका. पुढच्या वार्षिक सभेत कुणीही इथे उभं राहून तुम्हाला एखादं सुरेख वाक्य ऐकवलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी हात वर करा आणि विचारा, हे कोण म्हणालं, त्याचं दुकान कुठे आहे, आणि तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात. मी उभी असले तर मला तर नक्कीच विचारा. सर, आता तुम्हीही त्या खालच्या रांगेत बसणार आहात. पहिला हात तुमचा असू द्या.

नमस्कार.